अवकाशातली रीतभात

२ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, विदर्भाच्या आकाशात पेटत्या रेघा दिसल्या आणि चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावात धातूचे एक मोठे कडे येऊन पडले. सुमारे तीन मीटर व्यासाचे ते कडे आणि आसपास सापडलेले गोळे चीनच्या लाँग मार्च ३-बी अग्निबाणाचे अवशेष असावेत, असा निष्कर्ष उपग्रहांच्या कक्षांवर नजर ठेवणाऱ्या अभ्यासकांनी काढला. कोणाला इजा झाली नाही. झाली असती, तर कायदा काय म्हणाला असता हे स्पष्ट आहे. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय दायित्व करारानुसार जमिनीवर किंवा उडत्या विमानाला झालेल्या नुकसानाची भरपाई प्रक्षेपण करणाऱ्या देशाने द्यायची असते, आणि त्यासाठी कोणाची चूक होती हे सिद्ध करावे लागत नाही. सोव्हिएत संघाचा अणुभट्टी असलेला कॉसमॉस ९५४ हा उपग्रह जानेवारी १९७८ मध्ये कॅनडाच्या उत्तर भागात कोसळला आणि त्याचे किरणोत्सर्गी तुकडे विखुरले. कॅनडाने सुमारे साठ लाख कॅनेडियन डॉलरचा दावा केला, आणि १९८१ मध्ये तीस लाखांवर प्रकरण मिटले. आता तेच कडे खाली न पडता कक्षेतच एखाद्या भारतीय उपग्रहावर आदळले असते, तर? तेव्हा याच कराराचे पुढचे कलम लागू होते, आणि ते म्हणते की अवकाशात झालेल्या नुकसानाची भरपाई हवी असेल तर समोरच्याचा दोष दाखवून द्या. दोष दाखवायचा तर योग्य वागणे कशाला म्हणायचे हे आधी ठरलेले असावे लागते, आणि नेमके तेच ठरलेले नाही. १० फेब्रुवारी २००९ रोजी सायबेरियावर सुमारे ७९० किलोमीटर उंचीवर अमेरिकेतील खासगी कंपनीचा चालू स्थितीतला इरिडियम ३३ आणि रशियाचा बंद पडलेला कॉसमॉस २२५१ एकमेकांवर आदळले. त्या टकरीतून मोजता येण्याजोगे दोन हजारांवर तुकडे निर्माण झाले, पण या कराराखाली कोणी कोणावर दावा केला नाही.

जमिनीवर पडलेल्या कड्यासाठी कायदा आणि कक्षेतल्या टकरीसाठी मौन, ही तफावत केवळ भरपाईपुरती नाही. अवकाशाच्या सुरक्षेविषयीची गेल्या साठ वर्षांतली सगळी कोंडी तिच्यात सापडते. या पुस्तकातील प्रकरणे करारांचा इतिहास, उपग्रहभेदी अस्त्रे, अवकाशातील कचरा, खासगी कंपन्या आणि भारताचे धोरण अशा निरनिराळ्या वाटांनी जातात. वाचकाच्या हाती त्या सर्वांना जोडणारे एक सूत्र द्यावे, एवढाच या प्रस्तावनेचा हेतू आहे. माझे म्हणणे असे की, अवकाशात कोणते यंत्र शस्त्र आहे आणि कोणते नाही, हे ठरवण्याच्या प्रयत्नात राष्ट्रांनी फार काळ घालवला. त्या प्रश्नाला समाधानकारक उत्तर नाही, आणि पुढेही मिळेल असे दिसत नाही. कोण कसे वागले, हे मात्र पाहता येते, मोजता येते आणि त्याचा जाबही विचारता येतो. म्हणून अवकाशाच्या कारभाराची उभारणी यंत्रांच्या यादीवर न करता वर्तनाच्या नियमांवर व्हायला हवी. या कामात भारताने आजवर घेतलेली सावध भूमिका एके काळी समजण्यासारखी होती. आता ती भारताच्याच हिताची राहिलेली नाही.

या विषयाची सुरुवात ज्या घटनेपासून करावी ती आज बहुतेकांच्या विस्मरणात गेली आहे. ९ जुलै १९६२ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरातील जॉन्स्टन बेटावरून सोडलेला १.४ मेगाटनांचा अणुबॉम्ब सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर फोडला. स्टारफिश प्राइम हे त्या चाचणीचे नाव. सुमारे १,४०० किलोमीटर दूर असलेल्या हवाईत रस्त्यांवरचे काही दिवे गेले, ही त्यातली सर्वांत किरकोळ गोष्ट. स्फोटातून बाहेर पडलेले इलेक्ट्रॉन पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात अडकले आणि त्यांचा पट्टा कित्येक महिने टिकून राहिला. त्या काळी पृथ्वीभोवती फिरणारे उपग्रह मोजकेच होते. त्यांतल्या अनेकांना या किरणोत्सर्गाने निकामी केले किंवा दुबळे केले. बळी पडलेल्यांत ब्रिटनचा पहिला उपग्रह एरियल १ होता, आणि चाचणीच्या दुसऱ्याच दिवशी उडालेला, अटलांटिकपार दूरचित्रवाणी पोहोचवून जगाला थक्क करणारा अमेरिकेचाच टेलस्टारही होता. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तसा हा प्रकार. शत्रूसाठी बनवलेल्या अस्त्राने पहिला घाव मित्राला आणि स्वतःला घातला. कक्षेत केलेल्या कृतीचा परिणाम कर्त्यापुरता किंवा लक्ष्यापुरता राहत नाही, तो त्या उंचीवरून जाणाऱ्या प्रत्येकाला भोगावा लागतो, हा धडा महासत्तांनी तेव्हा चटकन घेतला. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९६३ मध्ये, वातावरणात, अवकाशात आणि पाण्याखाली अणुचाचण्या करण्यावर बंदी घालणारा करार झाला. क्यूबाच्या पेचप्रसंगाला तेव्हा एक वर्षही उलटले नव्हते.

त्याच वातावरणातून १९६७ चा बाह्य अवकाश करार जन्माला आला. अवकाशावर कोणत्याही राष्ट्राला सार्वभौम हक्क सांगता येणार नाही, अण्वस्त्रे आणि इतर सामूहिक संहाराची अस्त्रे कक्षेत ठेवता येणार नाहीत, चंद्र व इतर खगोलांचा वापर केवळ शांततेच्या कामासाठीच होईल, आणि आपल्या देशातील खासगी संस्थांच्या अवकाशातील कामाचीही जबाबदारी त्या त्या राष्ट्रावर राहील, ही त्यातली महत्त्वाची तत्त्वे. भारताने त्याच वर्षी सही केली आणि १९८२ मध्ये त्याला मान्यता दिली. हा करार आजही अवकाश कायद्याचा पाया आहे, आणि त्याला मोडीत काढण्याची भाषा करणाऱ्यांशी मी सहमत नाही. त्याने काय सांगितले नाही, हे मात्र तितकेच ध्यानात ठेवले पाहिजे. अण्वस्त्रे आणि सामूहिक संहाराची अस्त्रे यांखेरीज इतर शस्त्रे पृथ्वीभोवतीच्या कक्षेत ठेवण्यास त्यात मनाई नाही. जमिनीवरून उडून अवकाशातल्या लक्ष्यावर आदळणाऱ्या क्षेपणास्त्राला मनाई नाही. नवव्या कलमात इतरांच्या हिताची योग्य दखल घ्या आणि आपल्या कामामुळे दुसऱ्याला हानिकारक अडथळा होण्याची शक्यता असेल तर आधी विचारविनिमय करा, असे म्हटले आहे. पण योग्य दखल म्हणजे किती अंतर, किती आधी कळवणे, कोणाला कळवणे, याचा पत्ता नाही. तत्त्व आहे आणि रीत नाही, अशी ही अवस्था. पुढच्या दहा-बारा वर्षांत अंतराळवीरांची सुटका, दायित्व, उपग्रहांची नोंदणी आणि चंद्र यांविषयी आणखी चार करार झाले. १९७९ च्या चंद्रविषयक करारानंतर अवकाशासाठी संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली एकही नवा बंधनकारक करार झालेला नाही.

प्रयत्न झाले नाहीत असे नाही, पण ते जिथे अडले ती जागा पाहण्यासारखी आहे. रशिया आणि चीन यांनी २००८ मध्ये जिनिव्हाच्या निःशस्त्रीकरण परिषदेत एका कराराचा मसुदा मांडला आणि २०१४ मध्ये तो सुधारून पुन्हा मांडला. अवकाशात शस्त्रे ठेवण्यावर बंदी, हा त्याचा गाभा. ऐकायला हे सरळ वाटते. पण जानेवारी २०२२ मध्ये चीनच्या शिज्यान २१ या उपग्रहाने बंद पडलेला एक दिशादर्शक उपग्रह पकडून भूस्थिर कक्षेबाहेर नेऊन सोडला. फेब्रुवारी २०२० मध्ये अमेरिकी कंपनीच्या एका यानाने इंटेलसॅट ९०१ या जुन्या दळणवळण उपग्रहाला स्वतःला जोडून घेतले आणि त्याचे आयुष्य वाढवले. जानेवारी २०२५ मध्ये इस्रोने स्पाडेक्स मोहिमेत दोन छोटे उपग्रह कक्षेत एकमेकांना जोडले आणि ही विद्या साधलेला भारत चौथा देश ठरला. तिन्ही कामे उपयोगी, दोन तर थेट कचरा कमी करणारी किंवा टाळणारी. आणि तिन्ही ठिकाणी वापरलेले कौशल्य असे, की ज्याला मेलेला उपग्रह हळुवार पकडता येतो त्याला जिवंत उपग्रह मोडताही येतो. यंत्राकडे पाहून त्याचा हेतू सांगता येत नाही. उलट बाजूने पाहावे, तर २००७ पासून उपग्रह फोडण्याच्या ज्या चार चाचण्या झाल्या त्या सगळ्या जमिनीवरून किंवा जहाजावरून सोडलेल्या क्षेपणास्त्रांनी आणि स्वतःच्याच उपग्रहांवर झाल्या. अवकाशात ठेवलेले शस्त्र त्यांतल्या एकाही चाचणीत नव्हते. म्हणजे हा मसुदा तेव्हा अमलात असता, तरी चारही चाचण्या त्याचे कलम न मोडता पार पडल्या असत्या, आणि संशयाची सुई मात्र जोडणी करणाऱ्या, डागडुजी करणाऱ्या यानांकडे वळली असती. चोर सोडून संन्याशाला फाशी, म्हणतात ते हेच.

त्या चार चाचण्या एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या की वर्तनाचा मुद्दा आपोआप स्पष्ट होतो. ११ जानेवारी २००७ रोजी चीनने फेंगयुन १-सी हा आपला जुना हवामान उपग्रह सुमारे ८६० किलोमीटर उंचीवर फोडला. तीन हजारांहून अधिक मोजता येण्याजोगे तुकडे झाले आणि त्यांतले बरेच आजही फिरत आहेत, कारण त्या उंचीवर हवा इतकी विरळ असते की तुकडे खाली यायला अनेक दशके लागतात. फेब्रुवारी २००८ मध्ये अमेरिकेने युद्धनौकेवरून सोडलेल्या क्षेपणास्त्राने आपला बिघडलेला हेर-उपग्रह अडीचशे किलोमीटरच्या आसपास फोडला, त्याचे बहुतेक तुकडे लवकरच वातावरणात जळून गेले. २७ मार्च २०१९ रोजी मिशन शक्तीत भारताने मायक्रोसॅट-आर हा उपग्रह सुमारे २८० किलोमीटरवर भेदला. उंची मुद्दाम कमी निवडली होती आणि बहुतेक कचरा काही महिन्यांत खाली आला. १५ नोव्हेंबर २०२१ रोजी रशियाने कॉसमॉस १४०८ सुमारे ४८० किलोमीटरवर उडवला, दीड हजारांवर तुकडे झाले, आणि आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकातील सातही जणांना आपापल्या कुप्यांत जाऊन बसावे लागले. त्या सातांत दोघे रशियाचेच अंतराळवीर होते. अस्त्राची जात चारही वेळा जवळपास एकच. फरक पडला तो उंचीच्या निवडीने, म्हणजे वागण्याने. पण एवढ्यावर थांबून ‘काळजीपूर्वक केलेली चाचणी चालेल’ असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. भारताच्या चाचणीतही आघाताने काही तुकडे वर फेकले गेले. त्यांतले २४ अवकाश स्थानकाच्या कक्षेच्याही वर पोहोचल्याचे तेव्हाच्या नासाप्रमुखांनी जाहीर सांगितले, आणि मोजके तुकडे पंचेचाळीस दिवसांच्या अंदाजापेक्षा बराच जास्त काळ टिकले. सेकंदाला अनेक किलोमीटर वेगाने झालेल्या आघातानंतर कोणता तुकडा कुठे जाईल, हे कोणाच्याच हातात नसते. त्यामुळे नियम करायचा तर तो साधाच हवा. चाचणीसाठी उपग्रह फोडायचा नाही, बस्स.

वर्तनाचे नियम म्हणजे फक्त स्फोटांवर बंदी, असे मात्र नाही. रोजच्या वाहतुकीतली बेशिस्तही उद्या सुरक्षेचा प्रश्न होऊ शकते, कारण कक्षेत अपघात आणि हल्ला यांत फरक करणे कठीण असते. एक सेंटीमीटरपेक्षा मोठे तुकडे आज दहा लाखांहून अधिक असावेत, असा युरोपीय अवकाश संस्थेचा अंदाज आहे, आणि एवढासा तुकडाही चालता उपग्रह संपवू शकतो. सप्टेंबर २०१९ मध्ये याच संस्थेला आपला एओलस हा वारे मोजणारा उपग्रह स्पेसएक्स कंपनीच्या स्टारलिंक मालिकेतील एका उपग्रहापासून वाचवण्यासाठी सरकवावा लागला. टकरीची शक्यता वाढल्याचा निरोप आपल्या सूचनायंत्रणेतील दोषामुळे वेळेवर पोहोचला नाही, असे स्पेसएक्सने नंतर सांगितले. डिसेंबर २०२१ मध्ये चीनने संयुक्त राष्ट्रांना कळवले की त्या वर्षी दोनदा स्टारलिंकचे उपग्रह आपल्या अवकाश स्थानकाच्या जवळ आल्याने स्थानक हलवावे लागले. तसा धोका नव्हता, असे अमेरिकेचे उत्तर. खरे कोणाचे, यापेक्षा महत्त्वाचे हे, की माणसे राहत असलेल्या स्थानकाविषयीचा निरोप तासाभरात फोनवरून जाण्याऐवजी महिन्यांनंतर राजनैतिक पत्रातून गेला. याच्या उलट उदाहरण त्याच वर्षीचे आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये चंद्राच्या उत्तर ध्रुवाजवळ चांद्रयान २ आणि नासाचे लुनार रिकनेसन्स ऑर्बिटर फार जवळ येणार असे दिसले. दोन्ही संस्थांनी आकडे पडताळून पाहिले, अंतर वाढवण्याची गरज मान्य केली आणि दोन दिवस आधीच इस्रोने आपले यान हलवले. यासाठी ना करार लागला ना परिषद. ओळख होती, माहितीची देवघेव होती आणि एकाने बाजूला व्हायचे हे ठरवण्याची रीत होती. ज्या देशांत अशी ओळख नाही, त्यांच्यात हीच रीत लेखी स्वरूपात बसवणे म्हणजे अवकाशाचा कारभार. आणि खासगी कंपन्या या रिंगणाबाहेर नाहीत. १९६७ च्या कराराचे सहावे कलम त्यांच्या कामाची जबाबदारी सरकारवर टाकते, आणि जागे झालेले सरकार काय करू शकते ते ऑक्टोबर २०२३ मध्ये दिसले. जुना उपग्रह ठरलेल्या उंचीवर नेऊन न सोडल्याबद्दल अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने डिश या कंपनीला दीड लाख डॉलरचा दंड ठोठावला. रक्कम किरकोळ, पण पायंडा मोठा.

आता आक्षेपांकडे येऊ, कारण या मांडणीवरचे आक्षेप वजनदार आहेत आणि त्यांतला पहिला भारताचाच आहे. एप्रिल २०२२ मध्ये अमेरिकेने उपग्रह फोडण्याच्या चाचण्या यापुढे करणार नाही असे जाहीर केले, आणि डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने सर्व राष्ट्रांना तसे वचन देण्याचे आवाहन करणारा ठराव १५५ विरुद्ध ९ मतांनी संमत केला. रशिया आणि चीन विरोधात गेले. तटस्थ राहिलेल्या नऊ देशांत भारत होता. भारताची जुनी भूमिका अशी, की ऐच्छिक वचने बंधनकारक कराराची जागा घेऊ शकत नाहीत. त्यामागे एक कटू आठवणही आहे. अण्वस्त्र प्रसारबंदी कराराने १ जानेवारी १९६७ ही तारीख धरली. त्याआधी स्फोट केलेले पाच देश कायमचे मानकरी ठरले आणि उरलेल्यांसाठी दार बंद झाले. अवकाशातही आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे असा न्याय होईल, आधी भरपूर चाचण्या करून घेतलेले देश मग इतरांना शिस्त शिकवतील, ही शंका निराधार नाही. अमेरिकेने १९८५ मध्येही विमानातून सोडलेल्या क्षेपणास्त्राने उपग्रह फोडला होता, आणि सोव्हिएत संघाने त्याआधी वर्षानुवर्षे अशा चाचण्या केल्या होत्या. पण या आक्षेपाचा जोर २७ मार्च २०१९ रोजी संपला. दार बंद होण्याआधी आत पोहोचणे, हे मिशन शक्तीमागचे एक कारण असल्याचे अनेक विश्लेषकांनी तेव्हा मांडले. ते खरे असेल, तर हेतू साधला आहे. क्षमता सिद्ध झाली, ती पुन्हा सिद्ध केल्याने वाढत नाही. शिवाय हा नियम क्षमता काढून घेत नाही, फक्त कचरा करणारी चाचणी थांबवतो. ज्यांच्याकडे असले अस्त्र नाही आणि उपग्रह मात्र आहेत, त्या आफ्रिका, आशिया, लॅटिन अमेरिकेतील देशांना तर या नियमाचा फायदाच फायदा. म्हणूनच दीडशेवर देशांनी बाजूने मत दिले. विकसनशील देशांचा आवाज म्हणवणाऱ्या भारताने त्यांच्यापासून वेगळे उभे राहणे शोभत नाही.

दुसरा आक्षेप असा, की शिक्षेची सोय नसलेले ऐच्छिक वचन कोण पाळणार? याला उत्तर देण्यासाठी अवकाशात जाण्याचीही गरज नाही, भारताचा स्वतःचा अनुभव पुरेसा आहे. मे १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर भारताने आपण होऊन अणुचाचण्या थांबवल्या. सर्वंकष चाचणीबंदी करारावर भारताची सही नाही आणि तो करार अजून अमलातही आलेला नाही, तरीही ते वचन पाव शतकाहून अधिक काळ टिकले आहे. सप्टेंबर २००८ मध्ये अणुपुरवठादार देशांच्या गटाने भारताला सवलत दिली तेव्हा याच स्वेच्छेच्या वचनाचा भारताने पुनरुच्चार केला होता, आणि जगाने ते पुरेसे विश्वासार्ह मानले. स्वतःचे ऐच्छिक वचन भरवशाचे आणि दुसऱ्यांचे कुचकामी, असे एका तोंडाने म्हणता येणार नाही. इतिहासही हेच सांगतो. १९५८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि सोव्हिएत संघ यांनी अणुचाचण्या थांबवल्या. सप्टेंबर १९६१ मध्ये सोव्हिएत संघाने त्या पुन्हा सुरू केल्या. वचन मोडले हे खरे, पण विराम घेता येतो हे तोवर सर्वांनी पाहिले होते, आणि १९६३ चा करार त्याच वाटेने आला. या शतकात अणुचाचणी केली ती एकट्या उत्तर कोरियाने, आणि त्याची किंमतही मोजली. अवकाशात तर पडताळणी आणखी सोपी. अणुस्फोट भूगर्भात लपवण्याचा प्रयत्न तरी होऊ शकतो, पण फुटलेल्या उपग्रहाचे शेकडो तुकडे जगभरच्या रडारांना आणि दुर्बिणींना दिसतात. उपग्रहाच्या पोटात काय आहे हे तपासायला कोणी कोणाला आत घेणार नाही. तो कोणाच्या किती जवळ गेला, हे मात्र दूरवरूनही कळते.

तिसरा आक्षेप सर्वांत कठीण आहे. शांततेत पाळलेली रीत युद्धाच्या दिवशी काय कामाची? २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केले, त्याच पहाटे व्हायसॅट कंपनीच्या उपग्रह-इंटरनेटवर संगणकीय हल्ला झाला. युक्रेनमधले हजारो मोडेम निकामी झाले, आणि लढाईशी संबंध नसलेल्या जर्मनीत सुमारे ५,८०० पवनचक्क्यांचा दूरनियंत्रणाचा दुवा तुटला. पुढे युरोपीय संघाने आणि अमेरिकेने त्यासाठी रशियाला जबाबदार धरले. कक्षेतल्या कशालाही हात न लावता हे घडले. आपल्याकडे तर लेखी कराराचा अनुभव ताजा आहे. प्रत्यक्ष नियंत्रण रेषेजवळ गोळीबार न करण्याचे भारत आणि चीन यांनी १९९६ मध्ये कबूल केले होते, आणि जून २०२० मध्ये गलवानमध्ये वीस भारतीय सैनिक हुतात्मा झाले. मग नियमांनी काय साधले? उत्तर अप्रिय असले तरी खरे आहे. नियम वैर संपवत नाहीत. ठरवून केलेला हल्ला ते रोखत नाहीत. ते थांबवतात न ठरवलेले युद्ध. १९७२ मध्ये, शीतयुद्ध ऐन भरात असताना, अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांनी समुद्रावरील घटनांविषयी करार केला. त्याने एकही युद्धनौका कमी केली नाही. दुसऱ्याच्या जहाजावर हल्ल्याची नक्कल करायची नाही, धोकादायक रीतीने जवळ जायचे नाही, आपण काय करणार ते खुणांनी कळवायचे, आणि दर वर्षी बसून तक्रारींचा हिशेब करायचा, एवढेच त्यात होते. भारत आणि पाकिस्तान दर १ जानेवारीला एकमेकांना आपल्या अणुप्रकल्पांच्या याद्या देतात. १९९२ पासून युद्धे, हल्ले आणि तुटलेले संबंध यांतूनही हा पायंडा खंडित झालेला नाही. गलवानमध्येही त्या रात्री गोळी चालली नाही, आणि हा फरक लहान नाही. अवकाशात असा आधार अधिकच गरजेचा आहे, कारण बंद पडलेल्या उपग्रहाकडे पाहून तो बिघडला, कचऱ्याने फुटला की शत्रूने मारला हे सांगायला वेळ लागतो, आणि तो उपग्रह क्षेपणास्त्रांची सूचना देणारा असेल तर विचार करायला वेळ उरत नाही.

शेवटचा आक्षेप उलट दिशेने येतो, तो असा की ज्या गोष्टीवर बंधनकारक कायदा आहे तीही आता धोक्यात असताना नरम नियमांचे काय कौतुक? फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेने रशिया उपग्रहांविरुद्ध अण्वस्त्र विकसित करत असल्याचे म्हटले. रशियाने ते नाकारले. २४ एप्रिलला अमेरिका आणि जपान यांनी सुरक्षा परिषदेत, कक्षेत अण्वस्त्रे न ठेवण्याच्या १९६७ च्या बंधनाचा पुनरुच्चार करणारा ठराव आणला. तेरा मते बाजूने पडली, चीन तटस्थ राहिला आणि रशियाने नकाराधिकार वापरला. सर्वच शस्त्रांवर बंदी नसलेला ठराव अपुरा आहे, हे त्याचे कारण. या प्रसंगाने कायद्याची दुर्बलता दिसली, तशी त्याची ताकदही दिसली. आरोप नाकारावा लागला, तो बंधन अस्तित्वात आहे म्हणूनच. वर्तनाचे नियम आणि बंधनकारक करार यांना परस्परांचे पर्याय मानणे हीच मुळात चूक आहे. जिनिव्हाच्या परिषदेत सर्वसंमतीखेरीज काही हलत नाही, आणि १९९६ नंतर तिथे एकही करार तयार झालेला नाही. परिपूर्ण कराराची वाट पाहत बसणे म्हणजे प्रत्यक्षात काहीच न करणे. त्याउलट आचरणात रुळलेला नियम पुढे करारात लिहून काढणे सोपे जाते.

भारताने याबाबतीत पुढाकार का घ्यावा, याचे कारण तत्त्वापेक्षा व्यवहारात आहे. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर येण्याआधी लोकांना हलवता आले ते उपग्रहांनी त्याची वाट दिवसेंदिवस दाखवली म्हणून. मासळी कुठे मिळण्याची शक्यता आहे, याची हैदराबादच्या महासागर माहिती केंद्राकडून कोकणातल्या मच्छीमारांना मिळणारी सूचना उपग्रहांच्याच निरीक्षणांवर बेतलेली असते. चांद्रयान ३ चे उड्डाण टक्कर टाळण्यासाठी चार सेकंद लांबवावे लागले होते. आपली खासगी अवकाश कंपन्यांची पहिली पिढी उभी राहत आहे, अंतराळ स्थानकाची योजना जाहीर झाली आहे, आणि २०३० पर्यंत आपल्या मोहिमा कचरामुक्त करण्याचा संकल्प इस्रोने २०२४ मध्ये सोडला आहे. कक्षेत इतके काही गुंतलेल्या देशाला बेबंदशाही परवडत नाही. म्हणून तीन गोष्टी भारताला आजच करता येतील. पुन्हा उपग्रह फोडण्याची चाचणी करणार नाही, असे एकतर्फी जाहीर करणे. दुसऱ्याच्या उपग्रहाजवळ जायचे असेल तर किती अंतर राखायचे आणि कधी कळवायचे, याचे स्वतःचे नियम प्रसिद्ध करून इतरांनीही तसे करावे असा आग्रह धरणे. आणि इतर बाबतींत संबंध कितीही ताणलेले असोत, निदान कक्षेतल्या धोक्याच्या निरोपांसाठी चीनशी थेट दुवा मागणे. यांतल्या एकाही गोष्टीसाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही, आणि बंधनकारक कराराची जुनी मागणीही सोडावी लागत नाही.

पुढील प्रकरणे वाचताना वाचकाने प्रत्येक प्रस्तावाला तीन प्रश्न विचारावेत. हा प्रस्ताव कोणत्या कृतीविषयी आहे? ती कृती इतरांना दिसू शकते का? आणि ती झाल्यास जाब कोण कोणाला विचारणार? अवकाश ही मानवजातीची सामाईक भूमी आहे, असे म्हणणारी भाषणे गेली सहा दशके ऐकू येत आहेत. या तीन प्रश्नांना उत्तर न देणारा कोणताही ठराव, मग तो कोणत्याही राजधानीतून आलेला असो, त्या भाषणांच्याच पंगतीत बसवावा. चाचणी करण्याची कुवत असूनही ती न करण्याचे वचन देणाऱ्या देशाच्या शब्दाला वजन असते. ती कुवत २०१९ पासून भारताकडे आहे, आणि वचन देणे अजून बाकी आहे.